ध्रुवावरील बर्फ आणि कोकणचा किनारा



रेल्वे स्थानकांवरील पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची जुनी चाल आहे. कोल्हापूर शहराची ही उंची सुमारे ५५० मीटर भरते. भूगोलाच्या तासाला हा आकडा मुले पाठ करतात. परंतु ही उंची जेथून मोजावयाची तो शून्य नेमका कोठे आहे, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. समुद्राचे पाणी तर क्षणभर स्थिर नसते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. यासाठी बंदरांवर मापक बसवून वर्षानुवर्षे नोंदी घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. या सरासरीला समुद्रसपाटी हे नाव आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशा नोंदी १८७८ सालापासून चालत आल्या असून आशिया खंडातील जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. सर्व डोंगर, शहरे आणि धरणे ज्या रेषेपासून मोजली जातात, ती रेषाच हळूहळू वर सरकत आहे, असे या नोंदी सांगतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा हा पाठ सिंधुदुर्गातील शिक्षकाने शिकवावा, असे कोणास वाटणे साहजिक आहे. परंतु गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचा विचार करावा. माथ्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब कोकणातील खाडीवाटे दोन-तीन दिवसांत अरबी समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब कुंभी-कासारीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीस कृष्णेत, आणि सारे दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पोहोचतो. ज्या जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते, त्या जिल्ह्यातील मुलास समुद्र परका वाटू नये. शिवाय ज्या घरातील कोणी मुंबईस नोकरीधंद्यासाठी नाही, असे घर करवीर, पन्हाळा, भुदरगड या तालुक्यांत शोधावेच लागेल.

ध्रुवावरील बर्फ वितळले की समुद्र वाढतो, हे विधान मुले सहज स्वीकारतात आणि त्यातच पहिली चूक होते. ध्रुवांकडील सर्व बर्फ एका प्रकारचे नाही. उत्तर ध्रुवाभोवती जे आहे ते मुख्यतः समुद्राचेच गोठलेले पाणी असून ते समुद्रावर तरंगते. दक्षिण ध्रुवाचे अंटार्क्टिका आणि उत्तरेकडील ग्रीनलंड बेट यांवरील बर्फ मात्र जमिनीवर साचलेले आहे. या दोहोंतील भेद समजावून सांगण्यास फळ्यापेक्षा दोन पातेली अधिक उपयोगी पडतील. गोळेवाल्याकडून आठ आण्याचे बर्फ पूर्वी मिळे, आता थोडे अधिक पैसे पडतील, इतकेच. एका पातेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा तरंगत सोडावा. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढील असा दगड ठेवून त्या दगडावर तेवढाच खडा ठेवावा. दोन्ही पातेल्यांवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ ओढावी आणि मुलांना पाढे म्हणावयास सांगावे. बर्फ विरघळल्यावर पहिल्या पातेल्यातील पाणी रेघेवरच राहिलेले दिसते. दुसऱ्यातील पाणी रेघ ओलांडते. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारतो, हा आर्किमिडीजचा नियम मुलांच्या नजरेसमोर सिद्ध होतो.

म्हणून उत्तर ध्रुवावरील तरंगते बर्फ कमी झाले, तरी त्यायोगे समुद्राची पातळी वाढत नाही म्हटले तरी चालेल. त्याचा परिणाम निराळ्या वाटेने होतो. पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परतवून लावते, काळे-निळे पाणी तो शोषून घेते. बर्फ गेले की समुद्र अधिक तापतो. पांढरा सदरा आणि काळा सदरा उन्हात घालून पाहणाऱ्या मुलास हे निराळे सांगावे लागत नाही.

जमिनीवरील बर्फाचा विस्तार मात्र कल्पनेत मावणे कठीण. अंटार्क्टिकावरील बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. समुद्रकाठापासून कळसूबाई उभी केली, तरी त्या बर्फात ती शेंड्यासह गडप होईल. या खंडाशी भारताचा संबंध जुना आहे. पहिली भारतीय मोहीम १९८१ साली डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. १९८३ च्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत या मराठी विदुषी होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे समुद्रावर पुढे आलेल्या तरंगत्या बर्फाच्या पठारावर होते. काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडले जाऊ लागले आणि सोडून द्यावे लागले. पुढचे ‘मैत्री’ ठाणे १९८९ साली उघड्या खडकावर बांधण्यात आले. या सर्व कामाची सूत्रे आज गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. कोल्हापूरहून हे गाव एका दिवसाच्या प्रवासाचे आहे, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. ध्रुव दूर आहे. ध्रुवाचा अभ्यास करणारी माणसे दूर नाहीत.

‘दक्षिण गंगोत्री’ ज्यावर होते तसली तरंगती पठारे वितळून समुद्र वाढत नाही, हे वरील प्रयोगावरून उघड आहे. तथापि ती मागच्या जमिनीवरील बर्फाला टेकू देऊन असतात. शेताच्या ताली फुटल्या म्हणजे वरची माती जशी घसरते, तसे हे टेकू दुबळे झाले म्हणजे मागचे बर्फ अधिक वेगाने समुद्राकडे सरकते. पश्चिम अंटार्क्टिकात बऱ्याच ठिकाणी बर्फाचा तळच समुद्रसपाटीच्या खाली आहे; तेथे कोमट पाणी खालून शिरते, ही शास्त्रज्ञांच्या विशेष काळजीची बाब आहे.

येथे गणिताचा एक चांगला तास होऊ शकतो. जगातील महासागरांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पृष्ठावर एक मिलिमीटर पाणी चढविण्यास किती पाणी लागेल? उत्तर येते ३६० घनकिलोमीटर. कोयना धरण काठोकाठ भरले म्हणजे त्यात १०५ अब्ज घनफूट, म्हणजे जवळजवळ ३ घनकिलोमीटर पाणी असते. अर्थात् समुद्र एक मिलिमीटर वाढावयाचा तर १२० कोयना धरणे त्यात रिती करावी लागतील. हे गणित ज्याने स्वतः सोडविले, तो विद्यार्थी मिलिमीटरला पुढे कधी क्षुल्लक म्हणणार नाही.

परंतु वाढीचे सारे श्रेय बर्फाला देणे ही दुसरी चूक होय. पाणी तापले म्हणजे फुगते. औषधाची बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरावी, बुचातून काचेची बारीक नळी बसवावी आणि बाटली कढत पाण्यात धरावी. नळीत पाणी चढते. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राच्या पातळीत जी वाढ झाली, तिचा सुमारे निम्मा वाटा या प्रसरणाचा आहे. उरलेला मुख्यतः पर्वतांवरील हिमनद्या आणि ध्रुवांकडील दोन बर्फराशी यांचा. बर्फराशींचा वाटा मात्र अलीकडे झपाट्याने वाढत आहे. यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ग्रीनलंडवरील बर्फाचे वस्तुमान इतके प्रचंड आहे, की ते गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे समुद्रजल स्वतःकडे ओढून धरते. बर्फ वितळले की ही ओढ सैल पडते, आणि ते पाणी दूरच्या समुद्रांकडे वळते. त्यामुळे खुद्द ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत पातळी उतरते आणि विषुववृत्ताकडच्या प्रदेशांना सरासरीहून अधिक वाटा येतो. बर्फ ज्याच्या दारात वितळते, पाणी त्याच्याच दारात चढते असे नाही.

आता मोजमापे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची पातळी सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली. आरंभीच्या ७० वर्षांत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला. मुंबईच्या जुन्या नोंदींत विसाव्या शतकातील वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर दिसते. अलीकडे उपग्रहांनी घेतलेल्या मोजणीत उत्तर हिंदी महासागराची वाढ तीन मिलिमीटरच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालील हवामानबदल समितीने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे, १९९५ ते २०१४ च्या पातळीशी तुलना करता २१०० सालापर्यंत आणखी २८ ते ५५ सेंटिमीटर वाढ होईल, तीही धूर व वायूंवर कडक नियंत्रण ठेवले तर. न ठेवल्यास ६३ सेंटिमीटर ते एक मीटर.

यावर वर्गातील चलाख मुलगा एक प्रश्न विचारील, आणि त्याने तो विचारावाच. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत जवळजवळ पाच मीटरांचे अंतर पडते. समुद्र दिवसातून दोनदा एवढा चढतो व उतरतो, आणि कोणी बुडत नाही. मग शंभर वर्षांच्या एका वितीने काय बिघडणार? राजाराम बंधाऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पंचगंगेची तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरकर लहान मुलासही ठाऊक असते. समजा, नदीचा तळच एक फुटाने उचलला गेला. नेहमीच्या दिवसात कोणास फरक जाणवणार नाही. परंतु पूर्वी जो पूर ४२ फुटांवर थांबत असे, तो आता धोक्याच्या रेषेला भिडेल. जो पूर दहा वर्षांतून एकदा येई, त्याची पुनरावृत्ती लवकर होऊ लागेल. समुद्राचे तसेच आहे. ती वीत प्रत्येक भरतीच्या खाली उभी असते. वर्षातील सर्वांत मोठे उधाण आणि त्यावर वादळाची लाट आली म्हणजे ती दिसते. शिवाय पंचगंगेचा पूर ओसरतो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांवर गेले, तरी ते शेवटी उतरलेच. समुद्राची ही वीत उतरणारी नाही.

येथे एक गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. कोल्हापूरचे २००५, २०१९ व २०२१ चे महापूर समुद्राची पातळी वाढल्यामुळे आलेले नाहीत. साडेपाचशे मीटर उंचीवरील नदीस समुद्र मागे लोटू शकत नाही. संबंध आहे तो उष्णतेचा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि मुसळधार पावसास अधिक सामग्री मिळते. पातळी आणि पाऊस ही दोन निराळी प्रकरणे आहेत. दोन्हींच्या मुळाशी तापमान आहे.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि कोकण निर्माण केले, ही कथा मुलांना माहीत असते. समुद्र पुढे आला तर तो बाणाच्या सरळ रेषेत येणार नाही, हे नकाशावर दाखवावे. देवगड, रत्नागिरीकडे जांभ्या दगडाचे उंच कडे थेट समुद्रात उतरतात; तेथे एका वितीने किनारेषा जवळजवळ हलतही नाही. पुळणीची गोष्ट वेगळी. किनाऱ्याचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी ३० सेंटिमीटर वर चढले की ते ३० मीटर आत येते, आणि लाटांनी वाळू ओढून नेली म्हणजे कधी त्याहूनही अधिक. मालवणजवळ देवबाग हे गाव एका अरुंद वाळूच्या दांड्यावर वसले आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी. तेथील धूप ही जुनीच तक्रार असून किनाऱ्यास दगडांचे बंधारे घालावे लागले आहेत. अशा गावास मागे सरकावयास जागाच नसते. तेथल्या विहिरींचाही विचार करावा. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि ते समुद्रपातळीच्या एक फूट वर असेल तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत त्याची खोली जाते. म्हणजे वरचा एक फूट गमावला की खालचे ४० फूट गमावण्याची वेळ येते. वाळूच्या पट्ट्यावर राहणाऱ्यास तहान आधी लागते, घर नंतर बुडते.

सर्वांत शिकण्यासारखी जागा खाडीकाठची खारजमीन ही होय. खाडीच्या कडेने मातीचा बंधारा घालून भरतीचे पाणी अडवावयाचे, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात लावावयाचे, ही कोकणची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. मुंबई राज्याने १९४८ साली आणि महाराष्ट्राने १९७९ साली खारजमिनींच्या विकासासाठी कायदा केला. पनवेल येथे खारजमीन संशोधन केंद्र असून खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती तेथे तयार झाल्या आहेत. बंधाऱ्यात ठिकठिकाणी उघाडी असते. तिची झडप खाडीच्या बाजूस टांगलेली असते. भरती आली की खाडीचे पाणी झडप दाबून बंद करते. ओहोटी लागली की शेतातले पाणी तिला आतून लोटते आणि बाहेर पडते. माणूस लागत नाही, चंद्रच दार उघडतो आणि लावतो.

समुद्राची सरासरी वाढली म्हणजे या उघाडीचे काय होते? बंधारा ओलांडून पाणी आत येण्याची वेळ कदाचित पुष्कळ उशिरा येईल. पण खाडीतले पाणी शेतापेक्षा खाली असण्याचा अवधी प्रत्येक ओहोटीला थोडाथोडा कमी होऊ लागतो. पूर्वी झडप जितका वेळ उघडी राही, तितका आता राहत नाही. श्रावणात वरून पाऊस कोसळत असता पाणी बाहेर जाण्यास वेळ पुरत नाही, भात बुडून राहते, मीठ धुऊन जात नाही. बांध जागच्या जागी उभा आहे, समुद्र कोठे आत शिरलेला नाही, आणि तरी शेत हातचे जाते. किनाऱ्याचा आकार बदलतो म्हणतात तो पुष्कळदा असा, नकाशावर रेघ हलण्यापूर्वीच. मुंबईच्या सखल वस्त्यांतील गटारांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी भरती होती; पाण्यास जावयास वाट नव्हती. खाडीकाठच्या तिवरांची झाडे लाटांचा जोर मोडतात व गाळ धरून ठेवतात. ती तोडून भराव घातलेल्या ठिकाणी हे रक्षणही उरत नाही.

पूर्वेकडे पाहिले तर कोल्हापूरचा हिशेब अधिक जवळचा आहे. कृष्णेच्या मुखाशी जो सुपीक त्रिभुज प्रदेश आहे, तो सह्याद्रीपासून वाहून गेलेल्या गाळाचा बनला आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातली मातीही त्यात आहे. असा प्रदेश आपल्याच भाराने दरवर्षी थोडा खचतो, आणि नवा गाळ त्याची भरपाई करतो. राधानगरी, कोयना, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे झाली, शेती पिकली, दिवे लागले. गाळ मात्र जलाशयांत अडला. खाली जमीन खचते, समोरून समुद्र चढतो. धरणे बांधावयास नको होती, असा याचा अर्थ कोणी करू नये. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरीच्या धरणावाचून या जिल्ह्याची शेती कशी असती, हे येथील शेतकऱ्यास विचारावे. पण जमाखर्चातील ही बाजू आजवर लिहिली जात नव्हती, ती मुलांच्या वहीत यावी.

समुद्र पूर्वीही वर-खाली झालेला आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, त्याची पातळी आजच्याहून जवळजवळ १२० मीटर खाली होती आणि मुंबईसमोरची किनारेषा पुष्कळ पश्चिमेस होती. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना एकोणिसाव्या शतकात चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे मुळांसकट उभे सापडले. तेथे जमीन खचल्याचे भूशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे किनाऱ्यावर समुद्रच हलतो असे नव्हे, जमीनही हलते. मग आताच एवढी चिंता कशाची, असे विचारणाऱ्यास उत्तर सोपे आहे. हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा त्याच्या काठी बंदरे, विहिरी, सातबाऱ्याचे उतारे नव्हते. माणसे आपली चूल उचलून मागे सरकत.

शिकविताना भीतीचा बाजार मांडू नये. ग्रीनलंडचे सर्व बर्फ वितळले तर समुद्र सुमारे ७ मीटर आणि अंटार्क्टिकाचे सर्व वितळले तर सुमारे ५८ मीटर वाढेल, हे खरे. पण त्यास हजारो वर्षे लागतील. मुंबई अमुक साली बुडणार, अशी चित्रे मुलांना दाखवून त्यांची झोप मोडण्यात शिक्षण नाही. उलट, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी पुढील दोन हजार वर्षांत समुद्र दोन ते तीन मीटर चढणार आहे, हे लपविण्यातही नाही. किती वेगाने चढेल, हे मात्र पुष्कळसे या शतकातील माणसांवर आहे, आणि वर्गात बसलेली मुले त्या माणसांत मोडतात.

वर्षभर चालेल असा एक उपक्रम सुचविण्यासारखा आहे. जिल्ह्यातील शाळेने देवगड किंवा मालवण तालुक्यातील एका शाळेशी पत्रव्यवहार ठेवावा. तेथील मुलांनी दर अमावास्येस व पौर्णिमेस एखाद्या धक्क्याच्या पायरीवर किंवा खडकावर भरतीचे पाणी कोठवर आले ते मोजून कळवावे. येथील मुलांनी शाळेच्या पर्जन्यमापकावरील पाऊस आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी कळवावी. चौथीच्या वर्गाने सुरू केलेली वही सातवीपर्यंत चालावी आणि पुढच्या चौथीच्या हाती द्यावी. तीन-चार वर्षांच्या नोंदीत समुद्राची वाढ दिसणार नाही. उधाण, भांग आणि वारा यांतच ती हरवून जाईल, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पोस्टकार्डावर तिथी, घड्याळाची वेळ, कोणत्या खुणेपासून मोजले ती खूण आणि मोजणाऱ्या मुलाची सही एवढे असले म्हणजे पुरे.